मेम्ब्रेनमधले नॅनो कण: ते काय करतात आणि काय करत नाहीत

नाशिक जिल्ह्यात सिन्नर-येवल्याकडे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या आरओची (दाबाने पाणी पडद्यातून रेटून क्षार अडवणाऱ्या यंत्राची) जुनी मेम्ब्रेन, म्हणजे त्यातला पडदा, कचऱ्यात टाकण्याआधी एकदा ब्लेडने उभी चिरून उलगडून बघावी. बाहेरची टेप कापली की ती गुंडाळलेल्या चटईसारखी उघडते. मधोमध भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी, तिच्याभोवती गुंडाळलेला पांढरा गुळगुळीत पडदा आणि पडद्याच्या घड्यांमध्ये बारीक जाळी. पाणी आत शिरतं त्या टोकाला तपकिरी थर दिसतो, बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतो. रिजेक्ट, म्हणजे अडवलेले क्षार घेऊन जाणारं टाकाऊ पाणी, बाहेर पडतं त्या टोकाकडे मात्र पांढरी खरखरीत पुटं चढलेली असतात. त्यांवर लिंबाचे दोन थेंब पिळले की फसफसतात. बुळबुळीत थर जिवाणूंचा, फसफसणारा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. बोअरच्या पाण्यावरच्या बहुतेक मेम्ब्रेन या दोघांपैकी एकामुळे, नाहीतर दोघांमुळे मरतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘नॅनो मेम्ब्रेन’ म्हटलं की लोकांच्या मनात ‘आणखी बारीक चाळणी’ येते. प्रत्यक्षात आरओची मेम्ब्रेन आधीच इतकी बारीक आहे की चाळणी आणखी बारीक करून हाती काही लागत नाही. नॅनो कण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे अतिसूक्ष्म कण, घालतात ते वेगळ्या कामासाठी: कमी दाबात पाणी पलीकडे जावं, पृष्ठभागावर घाण कमी चिकटावी आणि चिकटलीच तर धुतल्यावर सहज सुटावी. आपल्या भागासाठी यातली शेवटची दोन कामं पहिल्यापेक्षा मोलाची आहेत.

पडदा बनतो कसा

आरओचा पडदा एकसंध दिसतो, पण तो तीन थरांचा असतो. सगळ्यात खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकचा ४०-५० मायक्रॉनचा सच्छिद्र थर. आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडचा पापुद्रा, १०० ते २०० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पाचशेवा भाग. क्षार अडवण्याचं सगळं काम हा पापुद्रा करतो, खालचे दोन थर त्याला फक्त तोलून धरतात.

१९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पहिला कामाचा आरओ पडदा बनवला. आजचा तीन थरांचा पॉलिअमाइड पडदा १९७० च्या दशकातल्या जॉन कॅडॉट यांच्या कामातून आला. आज घरोघरी आणि प्लँटमध्ये चालणाऱ्या बहुतेक मेम्ब्रेन त्याच कुळातल्या आहेत.

प्रयोगशाळेत हा पडदा हातानेही बनवता येतो. १८ ग्रॅम पॉलिसल्फोन ८२ ग्रॅम एनएमपी या द्रावकात ६० अंशांवर सहा-आठ तास ढवळायचं. मधासारखं घट्ट, पारदर्शक द्रावण तयार होतं. बुडबुडे निघून जावेत म्हणून ते रात्रभर झाकून ठेवायचं. ही पायरी घाईत टाळली की प्रत्येक बुडबुड्याचं पुढे एक भोक होतं. मग काचेवर कापड ताणून बसवायचं, सुरीच्या पात्याखाली १५० मायक्रॉनची फट ठेवून द्रावण एका दमात पसरायचं आणि काच तशीच पाण्यात बुडवायची. एनएमपी पाण्यात निघून जातं, पॉलिसल्फोनला पाणी मानवत नाही, म्हणून ते आहे त्या जागी गोठतं. काही सेकंदांत पारदर्शक थर दुधासारखा पांढरा होतो. पांढरा दिसतो कारण आत असंख्य पोकळ्या झालेल्या असतात.

यानंतर वरचा पापुद्रा. पॉलिसल्फोनचा पृष्ठभाग एमपीडी या अमाइनच्या २ टक्के पाण्यातल्या द्रावणात दोन मिनिटं भिजवायचा. रबरी रोलर फिरवून वरचे थेंब पूर्ण काढायचे. एक थेंब राहिला तरी तिथे पापुद्रा नीट धरत नाही आणि मीठ गळतं. मग त्यावर टीएमसी या रसायनाचं हेक्झेनमधलं ०.१ टक्का द्रावण एक मिनिट ओतून ठेवायचं. पाणी आणि हेक्झेन एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्ही रसायनं त्यांच्या सीमेवरच भेटतात आणि तिथेच पॉलिअमाइड धरतं, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं. साय धरली की पलीकडचं अमाइन अलीकडे यायला वाट उरत नाही, म्हणून थर आपोआप पातळच राहतो. शेवटी ७०-८० अंशांवर पाच मिनिटं शेकायचं. (एनएमपी, एमपीडी आणि हेक्झेन तिन्ही घातक आहेत. हे काम हातमोजे घालून फ्यूम हूडखालीच करायचं असतं, घरच्या ओट्यावर नाही.)

कण कुठे घालायचे

नॅनो कण तीन ठिकाणी घालता येतात: खालच्या पॉलिसल्फोनच्या द्रावणात, वरच्या सायीत, म्हणजे पॉलिअमाइडच्या पापुद्र्यात, किंवा सगळं झाल्यावर पृष्ठभागावर लेप म्हणून. जागा बदलली की कामही बदलतं.

सायीत कण घालण्याची पद्धत २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या गटाने मांडली. त्यांनी झिओलाइट-ए चे कण वापरले. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडचा स्फटिक. त्याच्या आत जवळपास ०.४ नॅनोमीटरचे ठरावीक मापाचे बोगदे असतात. पाण्याचा रेणू सुमारे ०.२८ नॅनोमीटरचा, तो आत शिरतो. सोडियमचा आयन एकटा लहान असतो, पण पाण्यात तो आपल्याभोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरतो. तो लवाजमा धरून त्याचं माप ०.७ नॅनोमीटरच्या आसपास जातं आणि तो बाहेरच राहतो. टीएमसीच्या हेक्झेनमध्ये ०.००४ ते ०.४ टक्का कण मिसळून हे पडदे बनवले होते. सर्वाधिक कण असलेल्या पडद्यातून पाणी जवळजवळ दुप्पट गेलं आणि मीठ मात्र आधीइतकंच अडलं. त्याच कामातून नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये एलजी केमने ती विकत घेतली. म्हणजे ही गोष्ट कागदावर राहिलेली नाही, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटमध्ये असे पडदे चालतात.

टायटॅनियम डायऑक्साइडचं काम वेगळं. त्याच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ असते. नुसत्या पॉलिसल्फोनवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा नसला तरी बराच उभा राहतो. टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेल्या पडद्यावर तोच थेंब पसरतो. याचा उपयोग असा, की ज्या पृष्ठभागाला पाणी घट्ट धरतं, तिथे तेल, प्रथिनं आणि जिवाणूंचा चिकटा यांना टेकायच्या आधी ते पाणी बाजूला सारावं लागतं. ते कठीण जातं, म्हणून चिकटा कमी धरतो. इथे एक गैरसमज फार पसरलाय. टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात घाण जाळतो हे खरं, पण त्याला अतिनील किरण लागतात. मेम्ब्रेन तर बंद हाउसिंगच्या अंधारात गुंडाळलेली असते. तिथे उजेडच नाही, तर जाळणार काय? आणि किरण सोडायचे म्हटलं तर तो कण शेजारचं प्लास्टिकही जाळायला लागतो.

चांदीचे कण जिवाणू मारतात, पण ते चांदीचे आयन हळूहळू पाण्यात सोडूनच. म्हणजे चांदी झिजतेच. ती संपली की बुळबुळीत थर परत येतो. शिवाय मेलेले जिवाणू पडद्यावरच पडून राहतात आणि नव्यांना खाद्य पुरवतात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलीग्रॅम आहे. चांदीची मेम्ब्रेन घेताना पहिल्या दिवसाच्या आणि महिनाभरानंतरच्या पाण्याचा चांदीचा रिपोर्ट मागितलाच पाहिजे.

कार्बनच्या नळ्या आणि ग्राफीन ऑक्साइड यांची बातम्यांत सर्वाधिक चर्चा झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत दोन नॅनोमीटरहून अरुंद कार्बन नळ्यांतून पाणी नेहमीच्या हिशेबापेक्षा हजार पटींहून जोरात वाहिलं, कारण नळीची आतली भिंत पाण्याला जवळपास अडवतच नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. मीठ अडवायचं तर नळी एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद लागते, आणि कोट्यवधी नळ्या एकाच दिशेने उभ्या करून मधली जागा घट्ट बुजवावी लागते. ते चौरस सेंटिमीटरवर जमतं, चौरस मीटरवर महाग आणि अवघड होतं. ग्राफीन ऑक्साइडच्या पातळ चकत्या पत्त्यांच्या गड्डीसारख्या एकावर एक बसतात आणि पाणी दोन पत्त्यांमधल्या फटीतून जातं. सुकी असताना दोन थरांमधलं अंतर सुमारे ०.८ नॅनोमीटर असतं, भिजली की ती पोह्यांसारखी फुगते आणि अंतर १.३ च्या आसपास जातं. मग सोडियमला वाट मिळते. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी गड्डीच्या कडा इपॉक्सीने जखडून ते फुगणं आवरलं. आज ग्राफीन ऑक्साइडचा जास्त व्यवहार्य उपयोग पॉलिअमाइडवरच्या पातळ लेपाचा वाटतो: घाण कमी धरते आणि खालच्या थराला क्लोरीनपासून थोडा आडोसा मिळतो.

गुठळ्या: जिथे सगळं बिघडतं

पिठलं करताना बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटलं तरी त्या मोडत नाहीत. आधी गार पाण्यात कालवून मग ओततात ते त्याचसाठी. नॅनो कणांचं तंतोतंत हेच. २० नॅनोमीटरच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ७५ चौरस मीटर भरतो, म्हणजे टू बीएचके फ्लॅटएवढी फरशी. एवढा उघडा पृष्ठभाग कणांना सोसत नाही, ते एकमेकांना चिकटून तो झाकायला बघतात. गुठळी १ मायक्रॉनची झाली तर ती १५० नॅनोमीटरच्या सायीपेक्षा सहा-सात पट जाड. साय तिच्यावर ताणून फाटते, आणि त्या फटीतून मीठ सरळ पलीकडे जातं.

म्हणून क्रम असा पाळतात. कण आधी कोरडे करून, त्यांच्यावर सिलेनसारख्या रसायनाचा हलका लेप देऊन त्यांना हेक्झेन मानवेल असं करायचं. मग अल्ट्रासाउंडच्या बाथमध्ये निदान एक तास हलवायचं, बाथचं पाणी तापू नये म्हणून मधून बर्फ घालायचा आणि काढल्यावर लगेच वापरायचं. अर्धा तास तसंच ठेवलं तर तळाशी गाळ बसतो. मग वरच्या द्रावणात लेबलवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा कमी कण उरतात आणि प्रयोगाचे आकडे फसवे येतात.

प्रमाणाचाही मोह होतो. कण वाढवत गेलं की पाणी आधी वाढतं, मीठ अडणं टिकतं, आणि एका बिंदूनंतर मीठ अडणं घसरायला लागतं. तिथे गुठळ्या सुरू झालेल्या असतात. बहुतेक कणांसाठी हा बिंदू सायीत काही दशांश टक्क्यांवर, तर पॉलिसल्फोनमध्ये एक-दोन टक्क्यांवर येतो. त्यापुढे टाकलेला प्रत्येक ग्रॅम पैसे खर्चून पडदा बिघडवतो. ‘आमच्यात सर्वात जास्त नॅनो’ ही जाहिरात म्हणून तर धोक्याची खूण समजावी. कण किती घातले यापेक्षा कण कसा बसलाय, हे पाहायला हवं.

दाबाचा हिशेब: समुद्राचा वेगळा, बोअरचा वेगळा

पाण्यातले क्षार पाण्याला मागे ओढतात. लिटरला १००० मिलीग्रॅम क्षारांमागे हा ओढा साधारण ०.७ ते ०.८ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब). समुद्राच्या पाण्यात ३५,००० मिलीग्रॅम क्षार, म्हणजे ओढा सुमारे २७ बार. त्यातलं निम्मं पाणी काढून घेतलं की उरलेलं दुप्पट खारट होतं आणि ओढा ५० बारच्या पुढे जातो. पंपाला तेवढा दाब द्यावाच लागतो, मेम्ब्रेन कितीही सुरेख असो. म्हणून समुद्राच्या प्लँटमध्ये पडदा तिप्पट झिरपणारा झाला तरी दाबातली बचत जेमतेम १५ टक्क्यांच्या घरात येते.

बोअरच्या पाण्याचं गणित उलटं आहे. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, १५०० मिलीग्रॅम असेल तर ओढा एक बारच्या आसपास. पंप पाच बार देत असेल तर चार बार नुसते पडद्यातून पाणी रेटण्यात जातात. इथे झिरपणं दुप्पट झालं तर तेवढ्याच पाण्यासाठी त्या चार बारांतले दोन वाचतात. म्हणजे नॅनो मेम्ब्रेनचा विजेतला फायदा समुद्रापेक्षा निफाड-सिन्नरच्या बोअरवर जास्त दिसायला हवा.

आता खरी मेख. नाशिक जिल्हा काळ्या बेसॉल्टवर बसलाय. बोअरचं पाणी त्या दगडाच्या भेगांतून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. डाळ लवकर शिजत नाही, गीझरची कॉइल पांढरी होते, ते यामुळे. पाण्याचा कठीणपणा ५०० मिलीग्रॅम असेल आणि प्लँट ५० टक्के पाणी काढत असेल, तर रिजेक्टमध्ये तो १००० होतो. ७५ टक्के काढलं तर २०००. पडद्याच्या अगदी लगतच्या थरात तो त्याहूनही जास्त असतो, कारण पाणी आत खेचलं जातं आणि क्षार दाराशी साठतात. पडदा जितका जोरात पाणी ओढेल तितके ते जास्त साठतात. म्हणजे जोरात झिरपणारी मेम्ब्रेन बसवून रिकव्हरी, म्हणजे आत आलेल्या पाण्यातून काढलेल्या गोड्या पाण्याचा वाटा, वाढवली आणि क्षारांची सोय केली नाही, तर ती साध्या मेम्ब्रेनपेक्षा लवकर चोंदते. हे घडतं तेव्हा दोष नॅनोला दिला जातो, चूक मात्र मांडणीत असते.

पाण्याची ओढ असलेला पृष्ठभाग जिवाणूंचा चिकटा आणि सेंद्रिय घाण रोखतो. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक त्याला फारसे जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी सॉफ्टनर, नाहीतर २ ते ५ पीपीएम (लिटरला तेवढे मिलीग्रॅम) अँटिस्केलंट, म्हणजे क्षारांची पुटं धरू न देणारं रसायन, आणि बेताची रिकव्हरी हेच उपाय आजही आहेत.

नाशिकमध्ये उपयोग कुठे

शहरात गंगापूर धरणाचं पाणी येतं. ते मुळात कमी क्षारांचं आहे, त्यासाठी आरओच लागत नाही, मग नॅनो आरओ तर दूरच. तिथे चांगलं अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे जिवाणू अडवणारी पण क्षार जाऊ देणारी गाळणी, पुरतं. तरी आरओ बसवलाच असेल तर कार्बन फिल्टर वेळेवर बदलायला हवा, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन पॉलिअमाइडची साखळी तोडतो. मेम्ब्रेनपर्यंत पोचणारा मोकळा क्लोरीन ०.१ पीपीएमच्या आत हवा. कार्बन संपला आणि क्लोरीन आत जात राहिला की टीडीएस हळूहळू चढतो, पाणी मात्र जास्त येऊ लागतं. लोकांना वाटतं मशीन सुधारलं. खरं तर साय विरलेली असते.

सर्वात जास्त फायदा दिसतो तो सांडपाण्यात. द्राक्षांच्या हंगामात वायनरीच्या सांडपाण्यात साखरेच्या साखळ्या, यीस्ट आणि सालीतली रंगद्रव्यं असतात. ती साध्या पॉलिसल्फोनवर डिंकासारखी बसतात. अशा अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ग्राफीन ऑक्साइड मिसळलेला पडदा धुतल्यावर आपला मूळ प्रवाह बराचसा परत मिळवतो, साध्याचा प्रवाह दर धुण्यागणिक थोडा थोडा कायमचा कमी होत जातो. सातपूर-अंबडच्या प्लेटिंगच्या कामात निकेलच्या धुवणाचं पाणी आरओने आटवून निकेल परत घेता येतं, तिथेही झिरपण्यातली वाढ थेट उपयोगी पडते. क्रोमचं धुवण मात्र त्या लायनीत चुकूनही येऊ देऊ नये. सहासंयुजी क्रोमियम पॉलिअमाइडला क्लोरीनसारखंच खातं, आणि सायीत बसलेला नॅनो कण तिला त्यापासून वाचवत नाही.

गावातल्या जार प्लँटला नॅनो मेम्ब्रेनपेक्षा आधी धुण्याची शिस्त लागते. प्रवाह १० ते १५ टक्के घटला की धुवायचं, निम्मा होईपर्यंत थांबायचं नाही. बुळबुळीत आणि पांढरं दोन्ही असेल तर आधी सोड्याचं द्रावण, म्हणजे ०.१ टक्का कॉस्टिक, पीएच १२ पर्यंत, ३५ अंशांच्या आत कोमट. मग साध्या पाण्याने निवळेपर्यंत धुऊन २ टक्के सायट्रिक ॲसिड. आधी ॲसिड दिलं तर चिकटा आवळतो आणि त्याच्या पोटातले क्षार तसेच राहतात. चांदीचा किंवा दुसरा लेप असलेल्या मेम्ब्रेनला कोणता पीएच चालतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. सायट्रिक ॲसिड धातू धरून ओढतं, नीट न बसलेला कण त्यासोबत निघून जातो.

विकत घेताना तीन आकडे विचारावेत. पहिला, एका बारला एका चौरस मीटरमधून तासाला किती लिटर. दुसरा, मीठ किती टक्के अडलं आणि कोणत्या चाचणीत. मचूळ पाण्याच्या मेम्ब्रेनसाठी २००० पीपीएम मीठ, १५.५ बार, २५ अंश ही नेहमीची चाचणी आहे. घरगुती, दिवसाला ७५ गॅलन देणारी मेम्ब्रेन मात्र २५० पीपीएम आणि ६० पीएसआयच्या (सुमारे ४ बारच्या) आसपास तपासतात, या दोन आकड्यांची तुलना होत नाही. तिसरा, घाण पाण्यावर चालवून धुतल्यानंतर किती टक्के प्रवाह परत आला. हा तिसरा आकडा नसेल तर लेबलावरच्या ‘नॅनो’ या शब्दासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

बसवल्यावर वहीत रोज चार नोंदी: आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, गोड्या पाण्याचा टीडीएस, मिनिटाला किती लिटर, आणि पाण्याचं तापमान. तापमान विसरू नये. पाणी एक अंशाने गार झालं की प्रवाह साधारण ३ टक्के घटतो. निफाडला जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, टाकीतलं पाणी १५ अंशांवर येतं, आणि २५ अंशांवर १२ लिटर देणारी मेम्ब्रेन तासाला नऊ लिटरच्या आत-बाहेर येते. ती चोंदलेली नसते, पाणीच गारठ्याने घट्ट झालेलं असतं. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा मोजावं, आणि तेव्हाही आकडा नऊच असेल तर मग धुवायला घ्यावं.